गंजाखाली सापडलेली डाख

ट्रेलरच्या फळ्यांवरून गाडी खाली ढकलली आणि तिच्या डाव्या दारातून गंजाचा पाऊस पडला. सुपलीभर तरी असेल. शेजारी खाली बघत म्हणाले, "गाडीपेक्षा ड्राइव्हवेवरच जास्त लोखंड दिसतंय."

गाडी १९३१ची फोर्ड मॉडेल ए कूपे. ठिकाण ओहायोतलं डेटन. शेजारी सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर टूल-रूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं अचूक मापात घडवणाऱ्या विभागात, काम केलेले. ही गाडी त्यांच्या थोरल्या भावाने १९५०च्या दशकात, विशीत असताना, घरामागच्या शेडमध्ये बांधली होती. पुढे लग्न झालं, मुलं झाली, आणि गाडी शेतावरच्या कोठारात मातीच्या जमिनीवर उभी राहिली ती राहिलीच. भाऊ गेले, वहिनींनी कोठार विकायला काढलं आणि गाडी आमच्या गल्लीत आली. मी पोटासाठी मशीनची ड्रॉइंगं काढतो, पण माझ्या गॅरेजमध्ये एक मिग वेल्डर, म्हणजे तार वितळवून पत्रा जोडायचं विजेवरचं यंत्र, आहे आणि कोल्हापुरात एक मामा आहेत. शिवाजी उद्यमनगरात त्यांनी चाळीस वर्षं डेंटिंगचं काम केलं. या प्रकरणात वेल्डरपेक्षा मामा जास्त कामी आले.

प्रश्न साधा होता: ही बॉडी वाचवायची, की फेकून नवी घ्यायची?

नवी घेणं अगदी शक्य होतं. डेटनच्या पश्चिमेला ब्रुकव्हिल नावाचं गाव आहे, तिथे आजही मॉडेल एची पोलादी बॉडी नव्याने दाबून तयार होते. फोर्डने १९२७च्या शेवटापासून १९३२च्या सुरुवातीपर्यंत या गाड्या सुमारे ४८ लाख बनवल्या, त्यामुळे सुट्या भागांचा, ठिगळाच्या पत्र्यांचा बाजार अजून जिवंत आहे. दाराचा तळ, मागच्या क्वार्टरचा, म्हणजे दारामागच्या बाजूच्या पत्र्याचा, खालचा भाग, काऊलचे, म्हणजे दारापुढच्या, काचेखालच्या भागाचे, कोपरे, सगळं घडवलेलं तयार मिळतं. पद्मिनीच्या फूटबोर्डसाठी जुना बाजार पालथा घालणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला हे ऐकून हेवा वाटेल. मलाही वाटला.

हॉट रॉडच्या बाबतीत 'मूळ' या शब्दाचा घोळ आहे, तो आधी सांगितला पाहिजे. व्हिंटेज गाडी दुरुस्त करणारा माणूस कारखान्यातून ती जशी बाहेर पडली तशी परत करू बघतो. हॉट रॉड म्हणजे कारखान्याने बनवलेली गाडी पोरांनी मोडून वेगासाठी पुन्हा बांधलेली. कॅलिफोर्नियातल्या मुरॉक आणि एल मिराज या कोरड्या तळ्यांवर ही पोरं शर्यती लावायची. तिथल्या क्लबांची संघटना १९३७ची. 'हॉट रॉड' मासिकाचा पहिला अंक जानेवारी १९४८चा. मॉडेल एचं इंजिन चार सिलिंडरचं, ४० हॉर्सपॉवरचं. १९३२मध्ये फोर्डने ६५ हॉर्सपॉवरचं फ्लॅटहेड व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, आणलं, आणि पोरांनी मॉडेल एची हलकी बॉडी उचलून त्या बत्तीसच्या चासीवर बसवायला सुरुवात केली. मडगार्ड काढली, छत कापून बुटकं केलं. शेजाऱ्यांच्या भावाने नेमकं हेच केलं होतं. मग या गाडीचं मूळ रूप कुठलं? १९३१चं की १९५०नंतरचं? या प्रश्नाचं उत्तर आम्हाला पुस्तकातून मिळालं नाही, खांबातून मिळालं.

तपासणी

पहिले दोन शनिवार आम्ही एकही मशीन चालू केलं नाही. साधनं तीन: फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक, दाभण आणि बोटाचं नख. पत्र्यावर टिचकी मारली की निरोगी पत्रा खणखणतो, गंजाने पोखरलेला बद्द वाजतो. मडकं घेताना आपण करतो तेच. दाभण जिथे सहज आत गेलं तिथे खडूने फुली मारली. दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाहिलं तर फुल्यांची एक पट्टीच बॉडीभोवती फिरली होती. जमिनीकडच्या बाजूने साधारण सहा-सात इंचांपर्यंत सगळं कुजलेलं, त्यावरचा पत्रा जवळजवळ धड. दोन्ही सबरेल, म्हणजे बॉडी चासीवर जिथे बसते ते तळाचे लांब पट्टे, बिस्किटासारखे झालेले. काऊलचे खालचे कोपरे गेलेले. दारांचे तळ गेलेले. डिकीच्या झाकणाची खालची दुमड गेलेली. छताच्या उघड्या चौकटीची कड ठिकठिकाणी खाल्लेली.

एका ठिकाणी दाभण जाईना, पण चुंबकही लागेना. मागच्या क्वार्टरवर कुणीतरी, बहुधा सत्तरच्या दशकात, कुजक्या पत्र्यावर दुसरा पत्रा रिव्हेट मारून बसवला होता. मधल्या पोकळीत फायबरचं कापड, डांबर आणि घड्या घातलेलं वर्तमानपत्र. वरून बोटभर जाड लांबी, म्हणजे खळगे भरायचा लेप. लांबी पाणी पिते. डांबराने ते पाणी आत कोंडून ठेवलं होतं. ज्याने हे केलं त्याचा हेतू वाईट नसणार, एक उन्हाळा काढायचा असेल. पण त्या ठिगळाने जितकं लोखंड खाल्लं तितकं कोठारातल्या ओल्या मातीनेही खाल्लं नव्हतं.

गंज दिसला की ग्राइंडर हातात घ्यावासा वाटतो. मामांनी व्हिडिओवर बजावलं होतं, "आधी पाणी कुठनं शिरलं आन् कुठं साचलं ते शोध. ते सापडल्याबिगर कापाय घेऊ नगो." आमची शनिवारची सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ. चहाचा कप हातात धरून ते चाळीस वर्षांचा अनुभव फोनच्या चौकटीतून ओतायचे.

शोध घेतल्यावर चार वाटा सापडल्या. पहिली छताची. त्या काळात एवढ्या रुंदीचा पत्रा एकसंध दाबता येत नसे, म्हणून छताच्या मधोमध लाकडी कमानींवर रबरी कापड ताणलेलं असे. पूर्ण पोलादी छत जनरल मोटर्सने १९३५च्या मॉडेलांना दिलं, फोर्डने १९३७ला. कापड फाटलं, लाकूड भिजलं, आणि भिजलेलं लाकूड पत्र्याला चिकटून वर्षानुवर्षं ओल देत राहिलं. दुसरी वाट भावाने केलेल्या फरशीची. मूळच्या लाकडी फळ्या काढून त्यांनी पोलादी फरशी वेल्ड केली, छान केली, पण पाणी जायला एकही भोक ठेवलं नाही. छतातलं पाणी खाली येऊन सबरेलवर थांबलं. तिसरी वाट उंदरांची. काऊलच्या आत आणि दोन्ही दारांत त्यांची घरटी होती; त्यांच्या मुताने भिजलेला कापूस पत्र्याला किती खातो हे मी प्रथमच पाहिलं. चौथी वाट मिठाची. इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि शेजाऱ्यांना आठवत होतं की भाऊ एक-दोन हिवाळे हीच गाडी घेऊन कामावर जायचा. साठ वर्षांपूर्वीचं ते मीठ अजून पत्र्याच्या खड्ड्यांत बसलेलं होतं. ते आम्हाला पुढे छळणार होतं.

खांब

तिसऱ्या शनिवारी काचेच्या बाजूच्या खांबावर चुंबक लागला नाही. पुन्हा लांबी, असं समजून मी स्क्रूड्रायव्हरने खरवडलं. पांढरी भुकटी निघायला हवी होती. निघाली ती चकचकीत करडी, मऊ चकती. मी फोन जवळ नेला.

मामा हसायलाच लागले. "आरं ही डाख हाय! कल्हई करून वर डाख ओढलीया. कुणी केलं रं हे? हात चांगला हाय."

भावाने छत साधारण तीन इंच कापून खाली बसवलं होतं. खांब कापले, वरचा भाग खाली आणला, जोड वेल्ड केला आणि त्यावरचा खळगा शिसं-कथिलाच्या मिश्रणाने भरून कानशीने सरळ केला. तयार लांबी घरोघर पोचण्याआधी अमेरिकेत बॉडीचं काम असंच चाले. सत्तर टक्के शिसं आणि तीस टक्के कथिल असलं की हे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला मऊ व्हायला लागतं आणि साधारण २५५ अंशांना पूर्ण पातळ होतं. मधल्या पट्ट्यात ते लोण्यासारखं असतं; लाकडी चपट्याने उभ्या खांबावरही पसरवता येतं. आपल्या कल्हईवाल्याचं काम याचंच भावंड. तो भांडं तापवतो, नवसागर टाकतो, कथिल कापसाच्या बोळ्याने फिरवतो. इथे आधी तशीच कल्हई होते, मग तिच्यावर जाड थर.

त्याच दुपारी आम्ही आतल्या बाजूने खांबावरची घाण काढली. आत, जिथे कुणी कधी बघणार नव्हतं, सुईने ओढलेली एक रेघ होती, तिच्यावर एक बाण आणि इंग्रजी ३चा आकडा. कापण्याआधी केलेली खूण. शेजारी बराच वेळ टॉर्च धरून उभे होते. मग म्हणाले, "त्याचा तीन असाच असायचा. वरची कमान सपाट."

नवी बॉडी घ्यायची चर्चा तिथे संपली. भावनेच्या भरात निर्णय घेतला असं कुणी म्हणेल, आणि तसं म्हणायला माझी हरकत नाही. पण त्याला व्यवहाराची बाजूही होती. नव्या बॉडीवर १९५०चं दशक कुठून आणणार? गाडीचं मूळ काम खांबांवर होतं, कुजलेलं बहुतेक सगळं कमरेच्या खाली. म्हणजे जे वाचवायचं ते वाचलेलंच होतं. आम्ही ठरवलं: खालचे सात इंच नवे, वरचं सगळं भावाचं.

आधी आधार, मग करवत

हौशी माणसं बहुतेक इथेच फसतात. मॉडेल एच्या बॉडीत ताकद सबरेलमुळे आहे. दोन्ही एकदम कापले तर उरतो तो पत्र्याचा खोका, आणि तो आपल्याच वजनाने पसरतो. नवे सबरेल जोडल्यावर दार लागत नाही, आणि ते का लागत नाही हे कुणाला कळत नाही.

आम्ही बॉडी चासीवर बसवलेलीच ठेवली. एक इंची चौकोनी नळ्या आतून वेल्ड केल्या, दाराच्या चौकटीत आडव्या आणि तिरप्या. दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर लिहिले. दारं बिजागऱ्यांवर राहू दिली, कारण दाराभोवतीची फट हेच खरं मोजमाप. पत्त्यांच्या कॅटातली पानं कापून आम्ही त्यांचे चार जाडींचे गेज बनवले आणि प्रत्येक कापणीनंतर फटीत घालून बघितले. आधी डावा सबरेल पूर्ण केला, बॉडी पुन्हा मोजली, मगच उजव्याला हात लावला. उजव्या बाजूला मागची फट दोन मिलिमीटरने उघडली होती. चासी आणि बॉडीच्या मध्ये पातळ पत्र्याची चकती घालून ती परत आणली. या एका गोष्टीत आमचे चार शनिवार गेले. शेजाऱ्यांना टूल-रूमची सवय असल्याने ते खूश होते. मी कंटाळलो होतो.

दोन चुका

पहिली चूक पैसे देऊन केली. दारं आणि डिकीचं झाकण वाळूच्या माऱ्याने साफ करून घ्यायला एका दुकानात दिलं. जाड भागांना हे चालतं. पण माणसाने उजवं दार जास्त दाबाने आणि भरड कणांनी मारलं, आणि ते परत आलं तेव्हा आडव्या उजेडात तळ्याच्या पाण्यासारखं हलताना दिसत होतं. लोक म्हणतात पत्रा तापतो म्हणून वाकतो. उष्णता हे त्याचं मुख्य कारण नाही. प्रत्येक कण छोट्या हातोडीसारखा एका बाजूचा पृष्ठभाग ताणतो, मागची बाजू तशीच राहते, आणि पत्रा फुगतो. पातळ पत्र्याला प्लॅस्टिकचे कण किंवा बारीक काचेची भुकटी, कमी दाब आणि तिरपा कोन हवा. आधी विचारायला हवं होतं, ते आम्ही विचारलं नाही.

ताणलेला पत्रा आखडायला मामांनी तीन रविवार शिकवलं. गॅसच्या ज्योतीने फुगवट्याच्या माथ्यावर रुपयाएवढा ठिपका लाल करायचा. मागे डॉली, म्हणजे हातात मावणारी छोटी ऐरण, धरून कडेकडेने आत येत हलके ठोके द्यायचे, आणि मग ओलं फडकं. लाल झालेला भाग पसरू बघतो, भोवतीचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तो जाडीत दबतो. गार होताना आकसतो आणि आजूबाजूचा ढिला पत्रा ओढून घेतो. ऐकायला सोपं. माझे पहिले चार ठिपके फार मोठे झाले आणि दार फुगायचं सोडून खचलं.

"तिथंच ऱ्हा, दुसरा ठिपका नगो," मामा ओरडले. "पत्रा गार हू दे. तू पत्र्यावर चिडलायस व्हय? त्यो तुझ्यावर चिडल मग."

दुसरी चूक सर्वस्वी माझी. मागच्या क्वार्टरचं ठिगळ बसवताना मी जोड पत्र्याच्या सपाट मध्यावर घेतला, कारण तिथे कापायला सोपं होतं. दोन-तीन इंच वर पत्र्याची उठावाची रेघ होती. तिच्या जवळ जोड घेतला असता तर त्या वळणाने पत्रा ताठ धरला असता आणि उष्णतेची ओढ लपली असती. त्यात संध्याकाळ होत आली होती. ०.६ मिलिमीटरची तार, पत्रा एक मिलिमीटरच्या आसपासचा, दोन्ही कडा समोरासमोर टेकवलेल्या. इथपर्यंत सगळं बरोबर. ठिपके द्यायचे ते दूरदूर, एक इथे, पुढचा हातभर लांब, हात लावून पत्रा गार झाल्याची खात्री करून. मी शेवटी शेवटी दोन-दोन इंचांच्या सलग रेघा ओढल्या. सकाळी बघतो तर जोडाच्या बाजूने एक लांब दरी. वेल्ड गार होताना आखडतो आणि सगळ्या पत्र्याला आपल्याकडे खेचतो.

मामांनी फोटो बघून एकच वाक्य लिहून पाठवलं: "तू पत्रा भाजायलास, जोडायला न्हाई." मग फोन करून उपाय सांगितला. वेल्ड दोन्ही बाजूंनी घासून पत्र्याइतका पातळ केला, मागे डॉली घट्ट धरून नेमक्या वेल्डवरच ठोकत गेलो, म्हणजे आखडलेली पट्टी पुन्हा लांबली. चार संध्याकाळी गेल्या. दरी नव्वद टक्के भरली. उरलेल्यावर दोन मिलिमीटरहून कमी लांबी आहे, आणि ती कुठे आहे हे मला अंधारातही सांगता येईल.

मीठ

साफ झालेलं डिकीचं झाकण आम्ही जूनमधल्या एका दमट रात्री गॅरेजमध्ये उघडं ठेवलं. सकाळी त्याच्यावर तपकिरी ठिपके उठले होते, सगळीकडे नाही, फक्त जुन्या खड्ड्यांच्या जागी. खड्ड्याच्या तळाशी अडकलेलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि गंज पुन्हा सुरू होतो. अशा पत्र्यावर कितीही भारी प्रायमर मारा, वर्षा-दोन वर्षांत त्याखाली फोड येतात, कारण गंज लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि वरचा थर उचलतो.

उपाय कंटाळवाणा आहे. गरम डिस्टिल्ड पाण्याने ताठ ब्रशने घासायचं, लगेच गरम हवेने वाळवायचं, खड्डे पुन्हा बारीक कणांनी मारायचे, रात्रभर ठेवून बघायचं. झाकण तिसऱ्या खेपेला स्वच्छ राहिलं. राहिलेल्या काळपट खड्ड्यांना फॉस्फरिक आम्ल लावलं, त्याने लोखंडाचा फॉस्फेट बनतो. पण आम्ल नीट धुऊन काढणं महत्त्वाचं. वर इपॉक्सी प्रायमर मारणार असाल तर उरलेलं आम्ल त्याला धरू देत नाही. अनेक जण 'गंज मारणारं औषध' लावून त्यावर सरळ रंग चढवतात. मला तो प्रकार पटत नाही.

बिजागऱ्या, काचेच्या चौकटी, कुलपांचे भाग यांना वेगळा रस्ता दिला. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी आणि धुण्याचा सोडा, भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, जुन्या सळ्या धन टोकाला. रात्रभरात गंज सैल होतो आणि चांगलं लोखंड झिजत नाही. दोन पथ्यं: धन टोकाला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि सोड्याऐवजी मीठ घालायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो. हायड्रोजन तर सुटतोच, म्हणून पिंप उघड्यावर ठेवलं आणि आसपास ठिणगी येऊ दिली नाही.

कल्हई पुन्हा

चारपैकी तीन खांबांवरची डाख आम्ही जशीच्या तशी ठेवली. डावा मागचा खांब मात्र आतून ओला राहिला होता आणि गंज डाखेखाली सरकला होता. वर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसत होती. तिथे डाख काढावीच लागली. ती न काढता वेल्ड केलं असतं तर शिसं उकळून वेल्डमध्ये बुडबुडे धरले असते.

मंद ज्योतीने ती वितळवून पत्र्याच्या ट्रेमध्ये घेतली. खाली भावाचा गॅस वेल्ड उघडा पडला. शेजाऱ्यांनी भिंग लावून बघितलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. वेल्डच्या टोकाला वितळायची राहिलेली अर्धा इंच तार होती, आणि तिच्यावर अजून थोडा रंग होता. कपडे टांगायच्या हँगरची तार. त्या काळी पोरांकडे वेल्डिंगची तार घ्यायला पैसे नसत, म्हणून आईच्या कपाटातले हँगर कापत. "आई सांगायची, एका वर्षी चर्चचे कपडे खुर्चीवर ठेवावे लागले," शेजारी म्हणाले.

कुजलेला तुकडा कापून नवा बसवला, हँगरची तार असलेला जोड जितका वाचला तितका ठेवला. मग कल्हई. पत्रा चकचकीत घासला, फ्लक्स, म्हणजे पत्रा साफ करून कथिल धरू देणारं रसायन, आणि कथिलाची पेस्ट लावली, ज्योत फिरवली. पेस्ट तपकिरी होऊन चमकली की ओल्या फडक्याने पुसली. खाली चांदीसारखा पत्रा. माझ्या आईने तो फोटो बघून विचारलं, "हे काय, पातेलं आहे का?" वर डाख चढवायला मेपलच्या लाकडाचा चपटा, त्याला मेण लावलेलं, म्हणजे शिसं चिकटत नाही. ज्योत जास्त वेळ धरली की सगळं घसरून जमिनीवर, कमी धरली की भुसभुशीत. दोन वेळा जमिनीवर गेलं. तिसऱ्या वेळी बसलं. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने फ्लक्स धुतला, नाहीतर त्याचं आम्ल आतून पुन्हा काम सुरू करतं.

घासायला फक्त कानस वापरली. डाखेला सँडर किंवा ग्राइंडर कधीच लावायचा नाही, शिशाची धूळ होते आणि ती फुप्फुसात जाते. कानशीचे जाड कीस खाली कागदावर पडतात, ते गोळा करता येतात. श्वासाचा मास्क, हातमोजे, कामाचे कपडे वेगळे, आणि त्या दिवशी गॅरेजमध्ये चहासुद्धा नाही. काम संपल्यावर दोघांनीही रक्तातलं शिसं तपासून घेतलं. उद्यमनगरात कुणी हे करत नव्हतं. मामांनाही मी तपासायला सांगितलं. ते विषय बदलतात.

छतावरचं भांडण

एका गोष्टीत आमचं जमलं नाही. माझं म्हणणं, छताचा उघडा चौकोन पत्र्याने बंद करू, पाण्याची पहिली वाट कायमची जाईल. हॉट रॉडवाले सेदान किंवा व्हॅनच्या छताचा तुकडा कापून असं सर्रास करतात. शेजारी म्हणाले, भावाने कापड ठेवलं होतं, कापडच राहील. मी पाण्याचं गणित मांडलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि अॅश लाकडाच्या कमानी कापायला घेतल्या. लाकूड चारही बाजूंनी इपॉक्सीने बंद केलं, लाकूड आणि पत्र्याच्या मध्ये रबराची पट्टी घातली, वर नवं व्हिनाइल ताणलं. काम उत्तम झालं. तरी ते गळेल असं मला आजही वाटतं.

रंगाचं फार सांगण्यासारखं नाही. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, लांबी त्याच्या वर, पत्र्यावर कधीच नाही. जोडांवर सीलर. मग जाड प्रायमर, वर काळी पावडर फिरवून लांब ठोकळ्याने घासणं, आधी १८०चा कागद, मग ३२०चा. भावाची गाडी त्याने शेवटपर्यंत नुसत्या करड्या प्रायमरमध्येच चालवली होती, पुढे रंगवू म्हणून. जुना प्रायमर सच्छिद्र असतो, ओल आत जाऊ देतो. तेही गंजाचं एक कारण. म्हणून आम्ही त्याच करड्या छटेचा, चमक नसलेला पण बंद पृष्ठभागाचा रंग मारला. लांबून बघणाऱ्याला प्रायमरच वाटतो.

बंद पोकळ्यांत, म्हणजे सबरेल, दारांचे तळ, काऊलचे कोपरे यांत, मेणाचा फवारा मारला. आणि फरशीला, दारांना, डिकीला मिळून चौदा भोकं पाडली, पाण्याला बाहेर जायला. सुरुवातीपासून इथपर्यंत शनिवार-रविवार धरून दीड वर्ष गेलं.

शेवटची चाचणी ड्राइव्हवेवर. शेजाऱ्यांनी बागेचा पाइप छतावर धरला, मी आत टॉर्च घेऊन आडवा झालो. मामा फोनवर. दहा मिनिटांनी व्हिनाइलच्या उजव्या मागच्या कोपऱ्यातून एक थेंब आला, मग आणखी एक. मी काही बोललो नाही; पाइप धरणाऱ्याला माझा चेहरा दिसला असावा.

"भोकं मोज," मामा म्हणाले.

बाहेर येऊन गाडीखाली वाकलो. बारीक धारा लागल्या होत्या. पुन्हा मोजल्या, तेराच भरल्या. उजव्या दाराचं मागचं भोक कोरडं होतं, मेणाने बुजलेलं. शेजारी घरात गेले आणि एक हँगर घेऊन आले. उलगडून त्याचं टोक सरळ केलं, गुडघ्यावर बसले आणि भोकात खुपसलं. मेणाचा पिवळा गोळा खाली पडला, आणि त्यामागून पाणी आलं.